सारा बार्टमन आणि आपली वाघनखे

२०२४ च्या जुलैत वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर लंडनहून साताऱ्याला आली, तेव्हा ती खरी की खोटी, परत आली की नुसती उसनी, यावर महाराष्ट्रात बरीच हमरीतुमरी झाली. पॅरिसमध्ये बसून ते सगळे वाचताना मला सारा बार्टमन आठवत होती, कारण या शहराला परतीची मागणी ऐकावी लागली ती एका बाईच्या हाडांसाठी.

सारा दक्षिण आफ्रिकेतील खोइखोइ समाजाची. केपटाउनला घरकाम करणाऱ्या या तरुणीला १८१० मध्ये लंडनला नेऊन, केवळ तिच्या शरीराच्या ठेवणीपायी, पिकॅडिलीत तिकीट लावून तिचे प्रदर्शन मांडण्यात आले. अंगाला चिकटणाऱ्या कातडीच्या रंगाच्या कपड्यांत, मालकाच्या हुकमासरशी तिने चालायचे, वळायचे. प्रेक्षकांतले कोणी तिला चिमटे काढत, कोणी काठीने टोचून पाहत. गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ मध्येच बंद केला असल्याने झॅकरी मॅकॉले प्रभृती गुलामगिरीविरोधकांनी न्यायालयात धाव घेतली, परंतु आपण खुशीने आलो आहोत आणि नफ्यात अर्धा वाटा मिळतो, असा तिचा डच भाषेतील जबाब नोंदवून प्रकरण निकाली निघाले. ज्यांच्या हातचे खायचे त्यांच्याविरुद्ध परक्या मुलखात ती आणखी काय सांगणार होती? (करारावर अंगठा उठवून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना हे समजावून सांगावे लागू नये.)

१८१४ मध्ये ती पॅरिसला आली आणि जनावरांचे खेळ करणाऱ्या एकाच्या ताब्यात गेली. पुढच्या मार्चमध्ये शास्त्रज्ञांनी तिची तपासणी केली, तेव्हा तिने हट्टाने जे झाकून ठेवले, ते डिसेंबरअखेर ती वारल्यावर क्यूव्हिए या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने शवविच्छेदन करून पाहिलेच. तिचा सांगाडा आणि देहाचा साचा १९७० च्या दशकापर्यंत संग्रहालयात मांडलेले होते. १९९४ मध्ये मंडेलांनी तिचे अवशेष मागितले. सरकारी संग्रहातील वस्तू देता येत नाही, या सबबीवर आठ वर्षे गेली, आणि शेवटी २००२ मध्ये फ्रान्सला एका बाईसाठी वेगळा कायदा करावा लागला. ९ ऑगस्टला पूर्व केपमधील हॅंकी येथे तिचा दफनविधी झाला. परदेशी मानवी अवशेष परत करण्याचा सर्वसाधारण कायदा व्हायला तर २०२३ चा डिसेंबर उजाडला.

वाघनखांची मागणी मला गैर वाटत नाही. खटकते ते हे, की त्याच २०२४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील एका लिलावात शिंगे जडवलेली नागा माणसाची कवटी विक्रीला निघाली, नागालँडच्या निषेधानंतर मागे घेतली गेली, आणि आपल्याकडच्या चर्चेत मला त्याचा पुसटसाच उल्लेख दिसला. पुढच्या वर्षी रघुजी भोसल्यांच्या तलवारीसाठी आपल्या सरकारने लंडनच्या लिलावात पैसे मोजले. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात असलेल्या नागा पूर्वजांच्या अवशेषांची बोलणी मात्र नागा संघटनाच आपल्या बळावर करत आहेत.