क्लिगमनच्या नावावर खपणारी ट्यूब

परवा मिरजेला मावशीकडे गेले. दार उघडताच तिचे गाल दिसले. लालबुंद, त्यावर केसासारख्या बारीक शिरा, हनुवटीवर लव. चहाला गॅससमोर उभी राहिली तर सारखी पदराने तोंडाला वारा घेत होती. आग होते म्हणे. खोदून विचारल्यावर कपाटातून, साड्यांच्या घडीखालून, ट्यूब निघाली. टूथपेस्टसारखी मागून गुंडाळत आणलेली. दीड वर्षातली ही कितवी, तिलाच आठवत नाही. कुणी सांगितलं म्हटल्यावर तिने मोबाइल पुढे केला.

"जगप्रसिद्ध अमेरिकन त्वचातज्ज्ञ डॉ. क्लिगमन यांनी हजारो लोकांवर तपासलेला फॉर्म्युला! वांग, पिंपल, गजकर्ण, सगळ्यांवर एकच क्रीम. रोज लावा, कायम लावा. साइड इफेक्ट शून्य. स्किनचे डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांचं दुकान बंद होईल." आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आलाय, म्हणून एकदाच लिहिते.

फॉर्म्युला खरा आहे, तेवढं मान्य. अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी तो १९७५ साली छापला: हायड्रोक्विनोन, म्हणजे डाग फिकट करणारं औषध, ५ टक्के, ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध, ०.१ टक्के आणि डेक्सामेथासोन, म्हणजे सूज-लाली दाबणारं स्टेरॉइड, ०.१ टक्के. वांगावर गुण येतो. पिंपलवर ट्रेटिनॉइन आणण्यातही क्लिगमनांचाच मोठा वाटा.

पण "कायम लावा"? हे कुणाच्या डोक्यातून निघालं? याच धर्तीच्या मिश्रणाला, फक्त स्टेरॉइड वेगळं, अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली ती थोड्या काळासाठी, आठ आठवड्यांपर्यंत. मावशीचं दीड वर्ष झालं. शिवाय तिच्या ट्यूबमध्ये डेक्सामेथासोन नाहीच, मोमेटासोन हे दुसरं स्टेरॉइड आहे, त्याहून जहाल. नाव क्लिगमनचं, माल दुसरा. स्टेरॉइडने पहिले काही आठवडे चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो, बायका विचारतात काय लावलंस. मग कातडी पातळ होते, खालच्या शिरा फुगून वर दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. घाबरून बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा भडकतो, आणि माणसाला वाटतं, बघा, क्रीम सोडलं म्हणून झालं! पुन्हा ट्यूब. मावशीने तीनदा सोडून तीनदा धरली आहे. (वाचून कुणी आजच्या आज ट्यूब फेकू नका. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू सोडवतात.)

"साइड इफेक्ट शून्य" म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा. अबीर सारस्वत, कौशिक लाहिरी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या त्वचारोग ओपीडींत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले; २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातले ४३३ चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. दुष्परिणाम किती जणांत? ३९२. दर दहांतल्या नऊ जणांत.

गजकर्णाचं तर हसावं की रडावं. ती बुरशी आहे. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, बुरशी आत निवांत पसरते आणि डॉक्टरलाही धड ओळखू येत नाही. गंमत म्हणजे क्लिगमन मुळात बुरशीचेच अभ्यासक. १९४२ ची त्यांची पीएचडी वनस्पतिशास्त्रातली. त्यांच्या नावाने बुरशीला खतपाणी घालणं चालू आहे.

आणि "हजारो लोकांवर तपासलेला" हे ज्याने अभिमानाने लिहिलं, त्याला ते लोक कोण हे माहीत नसावं. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात पायाच्या बुरशीची साथ आली म्हणून १९५१ मध्ये क्लिगमनना बोलावलं. आत गेल्यावर आपल्याला समोर एकरच्या एकर कातडी दिसली, सुपीक शेत पहिल्यांदा पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखं वाटलं, असं त्यांनीच पुढे एका पत्रकाराला सांगितलं. १९७४ पर्यंत तिथल्या कैद्यांवर, त्यातले बहुतेक काळे, थोड्याशा पैशांवर प्रयोग चालले. डाऊ केमिकल या कंपनीसाठी डायॉक्सिन हे विषही लावून पाहिलं. फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. ही जाहिरातीत मिरवायची गोष्ट आहे?

राहिलं डॉक्टरांचं दुकान. अर्धं खरं आहे, नाइलाजाने लिहिते. त्याच पाहणीत १७६ जणांना स्टेरॉइड डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, त्यातल्या ७८ जणांना त्वचेचे नसलेल्या डॉक्टरांनी. पण उरलेले २५७? त्यांना सांगणारा कुणी डॉक्टरच नव्हता. तेव्हा दुकान चालतंय ते दुसऱ्याच कुणाचं. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मावशीच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी एकदाही मागितली नाही.

मी ट्यूब उलटी करून तिला लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण, दाखवली, शेजारचा इशारा दाखवला. तिने चष्मा लावला, ट्यूब खिडकीकडे नेली, लांब धरली, जवळ धरली. मग माझ्याकडे परत दिली. "हे सगळं इंग्रजीत आहे गं."