सहा महिन्यांत डॉक्टर? एका फॉरवर्डची झाडाझडती

यवतमाळ-वाशिमपासून गडचिरोलीपर्यंत गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘सावधान! गावच्या उपकेंद्रात बसलेली म्याडम डॉक्टर नाही. सरकारनं नर्सला सहा महिन्यांत डॉक्टर बनवलं. इंग्लंडमध्ये अशा असोसिएट लोकांनी पेशंट मारले म्हणून त्यांच्यावर बंदी आली, तेच आता आपल्या माथी मारताहेत. शहराला एमडी, खेड्याला कंपाउंडर. खरे डॉक्टर नेमायचे नाहीत म्हणून हा खेळ. उपकेंद्रात जाऊ नका, थेट शहर गाठा.’

लिहिणाऱ्याचा राग समजतो. त्यातला एक मुद्दा तर मला पूर्ण मान्य आहे, त्याकडे येतोच. पण बाकीचं जसंच्या तसं गिळण्यासारखं नाही.

‘सहा महिन्यांत डॉक्टर’ इथून सुरुवात करू. उपकेंद्रात बसते ती समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं व्हायला लागली, तेव्हापासूनचं हे पद. सहा महिने आहेत ते पदाच्या खास प्रशिक्षणाचे, आणि ते मिळतं आधीच शिकलेल्याला: तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग किंवा साडेपाच वर्षांचं बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी. महाराष्ट्रात तर सीएचओंमध्ये बीएएमएसच पुष्कळ आहेत. मेसेजमध्ये आधीची सगळी वर्षं खोडून फक्त शेवटचे सहा महिने ठेवलेत. आणि ‘डॉक्टर बनवलं’ हेही खरं नाही. पदाच्या नावात डॉक्टर हा शब्द नाही, कामाच्या यादीतही डॉक्टरकी नाही.

मग ती करते काय? डोकं जड झालं म्हणून पन्नाशीची बाई येते. बीपी १७० वर ११०. सीएचओ लगेच गोळी काढत नाही. पाच मिनिटं स्वस्थ बसवते, बाहीवरचा पट्टा नीट करून पुन्हा मोजते, आणि मग मोबाइलवर ई-संजीवनी, म्हणजे लांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यायची सरकारी सोय, उघडून पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना जोडून देते. रेंज नसली तर फोन हातात धरून अंगणात येते. गोळी ठरवतात डॉक्टर. पुढं महिन्याच्या महिन्याला पाकीट देणं, बीपी लिहिणं, बाई आली नाही तर आशाताईला तिच्या घरी पाठवणं, हे सीएचओचं. तिशीवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी, तोंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरची प्राथमिक पाहणी, गरोदर बायकांची नोंद, सिकलसेलची पहिली चाचणी, हेही तिच्याकडंच. सिकलसेलची पक्की खात्री इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीनं होते आणि ती उपकेंद्रात होत नाही, हे तिला ठाऊक असतं. आपली हद्द माहीत असणं हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

त्याच बाईनं ‘गोळी राहू द्या, एक सुई लावून द्या न म्याडम’ म्हटलं आणि सीएचओनं नाही म्हटलं, तर बाई जाते कुठं? गावातल्या त्या ‘डॉक्टर’कडं, जो भिंतीच्या खिळ्याला सलाईन अडकवतो आणि ज्याच्या डिग्रीची पाटी कुणी वाचलेली नाही. त्याच्याविरुद्ध फॉरवर्ड फिरताना मी अजून पाहिलेला नाही.

आता इंग्लंड. तिथला फिजिशियन असोसिएट वेगळा माणूस. बहुतेकदा विज्ञानाची पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. काम डॉक्टरच्या देखरेखीखाली. औषध स्वतः लिहून देण्याचा अधिकार नाही. भारतातही या नावाचा पेशा आहे, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात त्याची नोंद आहे, पण तो बहुधा मोठ्या शहरांतल्या हृदयरोगाच्या वगैरे विभागांत दिसतो. आपल्या उपकेंद्रातली सीएचओ म्हणजे तो नव्हे.

आणि बंदी? बंदी आलेली नाही. मृत्यू मात्र झाले, ते लपवायचं कारण नाही. २०२२ मध्ये लंडनमध्ये एक तरुणी पिंढरीचं दुखणं आणि धाप घेऊन दोनदा फिजिशियन असोसिएटकडं गेली. फुफ्फुसात रक्ताची गुठळी होती, ती ओळखली गेली नाही. आपण डॉक्टरलाच दाखवतोय असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. अशा घटनांनंतर सरकारनं प्राध्यापक जिलियन लेंग यांच्याकडं चौकशी सोपवली. जुलै २०२५ च्या अहवालात त्यांनी सांगितलं: नाव बदलून ‘फिजिशियन असिस्टंट’ करा, कपड्यांवरून वेगळेपण कळू द्या, आजाराचं निदान झालेलं नाही असा पेशंट त्यांच्यापुढं सरसकट बसवू नका, प्रत्येकावर नेमून दिलेला डॉक्टर असू द्या. पद रद्द करा असं त्यात कुठंही नाही. आपल्याला घ्यायचंच तर त्यातलं एक आजच घेता येईल: उपकेंद्राच्या दारावर आणि सीएचओच्या छातीवर पद मोठ्या मराठी अक्षरांत. सगळं गाव तिला ‘डॉक्टर म्याडम’ म्हणतं आणि तीही संकोचानं दुरुस्त करत नाही, ही सवय लंडनच्या वळणाची आहे.

‘खेड्याला कंपाउंडर’ हा टोमणा विदर्भात तरी मारू नये. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून निघालेल्या एलएमपी, म्हणजे पदवीपेक्षा कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून परवाना मिळालेल्या डॉक्टरांनी या भागातल्या कितीतरी पिढ्या सांभाळल्या. देशाची आरोग्यव्यवस्था तपासणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशातल्या ४७ हजारांवर नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास ३० हजार एलएमपी होते. तो अभ्यासक्रम बंद करायचं ठरलं आणि खेड्यातली ती जागा भरलीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, अगदी जंतुसंसर्गाला जेंटामायसिनच्या इंजेक्शनापर्यंत. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढं देशभरच्या आशांच्या कामाचा भाग झालं.

शेजारच्या छत्तीसगडचा अनुभव मात्र दोन्ही बाजूंना टोचणारा आहे. तिथं २००१ मध्ये तीन वर्षांचा डॉक्टरकीचा अभ्यासक्रम निघाला आणि काही वर्षांत गुंडाळला. त्यातून निघालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक नेहमीच्या आजारांत एमबीबीएसच्या तोडीस तोड निघाले, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. आयुष डॉक्टर त्यांच्या मागं होते, नर्स-फार्मासिस्ट आणखी मागं. म्हणजे एमबीबीएस नसला की निकामी, हे खोटं. आणि कुणालाही बसवलं तरी चालतं, हेही खोटं. नेमक्या त्या कामासाठी किती शिकवलं, यावर सगळं.

राहिला तो मान्य असलेला मुद्दा: डॉक्टर नेमायचे नाहीत म्हणून हा खेळ. ही भीती पोकळ नाही. पीएचसीत दोन वैद्यकीय अधिकारी असायला हवेत; एक पद रिकामं आणि दुसरे मीटिंगला, असं असलं तर ई-संजीवनीवर पलीकडं दिसणार कोण? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात मध्यम पातळीच्या, म्हणजे एमबीबीएस नसलेल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना द्यायची सोय आहे. तिचा वापर रिकाम्या खुर्चीवर चादर टाकायला होऊ शकतो, हे उघड आहे. पण खुर्ची रिकामी आहे ती पीएचसीत, आणि शिव्या खाते उपकेंद्रातली. ग्रामसभेत उभं राहून विचारायचं ते हे: आपल्या उपकेंद्रावर कोणते डॉक्टर, ते कोणत्या वारी येतात, गेल्या महिन्यात आले का, रेफर केलेल्या पेशंटचं पुढं काय झालं. ग्रुपवर कुणी हे विचारत नाही.

‘थेट शहर गाठा’ हे कोण लिहू शकतं, ज्याच्या दाराशी गाडी उभी आहे तो. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. त्या दिवशी ताप आलेल्या पोराच्या बोटाला टोचून मलेरिया बघणारी आशा आणि तिच्यावरची सीएचओ एवढीच काय ती आरोग्यसेवा असते. साप चावला तर मात्र उपकेंद्रात वेळ घालवू नका, १०८ लावा आणि सीएचओला म्हणा, पुढच्या दवाखान्यात लस आहे का ते आधी फोन करून विचार.