सतरा नंबरची पिशवी

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या वाड्यात मी 'गवतवाली सून' म्हणून ओळखली जाते. बाकीच्यांच्या सुना बँकेत जातात, शाळेत शिकवतात. मी वर्षातून दोनदा कच्छच्या बन्नी नावाच्या कुरणात जाऊन गवत मोजून येते. एकदा मे महिन्यात, ते नसतं तेव्हा, आणि एकदा पावसाळा सरल्यावर, ते असतं तेव्हा. नसलेलं गवत मोजायला चारशेच्या वर किलोमीटर जायचं कशाला, हा सासूबाईंचा प्रश्न माझ्या लग्नाइतकाच जुना आहे. "मागच्या अंगणात गुडघाभर माजलंय, ते मोज. आणि मोजून झालं की उपट."

काम दिसायला सोपं. एक मीटर बाय एक मीटर अशी पाइपची चौकट जमिनीवर ठेवायची. आत कुठलं गवत, किती ठोंब, किती जमीन उघडी ते लिहायचं. मग सगळं विळ्याने कापून कागदी पिशवीत भरायचं. वाळवून वजन केलं की त्या कुरणात गुरांना चारा किती, ते कळतं.

चौकट कुठे ठेवायची हे मात्र आपण ठरवायचं नाही. माणूस सावली बघून ठेवतो, हे शास्त्राला पक्कं ठाऊक आहे. म्हणून जागा बडोद्यातच, पंख्याखाली बसून, कॉम्प्युटरकडून काढून न्यायच्या. कॉम्प्युटरला ऊन लागत नाही आणि काटे टोचत नाहीत. त्याने दिलेली जागा हमखास गांड्या बावळीच्या जाळीत निघते. (हे झाडाचंच नाव आहे. गुजरातीत गांडो म्हणजे वेडा. पुण्याच्या नणंदेसमोर मी 'वेडी बाभूळ' म्हणते.) रण पुढे सरकू नये म्हणून १९६१ साली वनखात्याने ही बन्नीत लावली. तिने रणाचं काय केलं ते राहू दे, गवताची जागा मात्र बळकावली. गुरं तिच्या गोड शेंगा खातात आणि शेणातून बी पेरत हिंडतात. म्हणजे खात्याने नुसता मुहूर्त केला, पुढचं गुरांनी मनावर घेतलं. तिचा काटा बुटाच्या तळव्यातून आरपार येतो. जीपच्या टायरचं तर विचारूच नका.

एकदाची चौकट बसली की खरी परीक्षा सुरू. अर्धा ठोंब आत, अर्धा बाहेर. मूळ आत असेल तर तो आपला, पानं कुठेही लोळोत. पण मूळ बरोबर पाइपखाली असलं की मी आणि माझा विद्यार्थी भाऊबंदकीतल्या बांधासारखे भांडतो. त्यात वारा कागद उडवतो, घाम शाईवर पडतो आणि 'ठोंब १२'चे 'ठोंब ७२' होतात. नावांचा घोळ वेगळाच. एकाच गवताला माझ्या तक्त्यात लॅटिन नाव, मालधारी (तिथले गुरं राखणारे लोक) त्याला जिंजवो म्हणतात, आणि आजी त्यालाच मारवेल म्हणायची. त्यांची धामण ती आपली अंजन. ही दोन्ही गुरांची आवडती, बारमाही गवतं. चराई हाताबाहेर गेली की ही हटतात आणि अ‍ॅरिस्टिडासारखी वर्षभरात संपणारी, कुसळांची गवतं बोकाळतात. अ‍ॅरिस्टिडाच्या एकेका बीला तीन-तीन कुसळं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते असो, मी स्वतःच्या मोज्यातली एका संध्याकाळी दीडशे मोजली आणि मग नाद सोडला.

एक म्हातारे मालधारी तासभर हे बघत बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, हे सगळं कशासाठी? म्हटलं, चांगलं गवत कुठे आहे ते शोधतोय. ते म्हणाले, आमच्या म्हशी रात्री आपल्या आपण जातात, चरून पहाटे परत येतात, त्यांना चौकट लागत नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

या वर्षी साठ पिशव्या घेऊन परतले. इकडे गरबे संपलेले, नवरा त्याबद्दल काही बोलत नव्हता (हे जास्त वाईट), आणि प्रयोगशाळेतला ओव्हन बिघडलेला. साठ अंशांवर अठ्ठेचाळीस तास वाळवायचं ते गवत बुरशी लागू नये म्हणून मी आमच्या गच्चीवर पिशव्यांची तोंडं उघडून रांगेत मांडलं. सासूबाईंनी कबुतरांवर राखण केली. मी अगदी भारावून गेले.

मग वसुबारस आली. शेजारच्या भाभींकडे त्याच दिवशी वाघबारस, पण आमच्याकडे गायच. संध्याकाळी परत आले तर गच्चीवर एकोणसाठ पिशव्या. सतरा नंबर गायब.

"आई, एक पिशवी..."

"गल्लीत वासराची गाय आली होती. पूजा केली. नैवेद्याला हिरवं काही नव्हतं घरात. साठातली एक गेली तर काय मोठंसं?"

मी मटकन खाली बसले. रिकामी पिशवी तुळशीजवळ होती, तिच्या तळाशी थोडं गवत उरलेलं.

"एवढं नाही खाल्लं तिने," सासूबाई म्हणाल्या. "ते लांब पानांचं देठासकट संपवलं. हे टोचरं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं."

उरलेलं हातात घेऊन बघितलं. सगळं अ‍ॅरिस्टिडा. एक काडी चुकीची नाही.

तक्त्यात सतरासमोर वजनाच्या जागी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं : चराई पूर्ण. जनावर, गाय १. प्रसंग, वसुबारस.

सासूबाई मागून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "वासरू राहिलं की. पुढच्या खेपेला दोन पिशव्या जास्तीच्या आण."