मुंबईचं टाचण

आज सकाळी चहा घेता घेता फॅमिली ग्रुपवर भाच्याने एक फाईल टाकली, नाव 'मुंबई ट्रिप फायनल', आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते आता रात्रीचे साडेनऊ वाजले तरी जाग्यावर नाही. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरका.

भाचा 24 वर्षांचा, इथे गोव्यात वेर्ण्याला कंपनीत लागलाय, आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला चाललाय आणि सोबत आजीला नेतोय, म्हणजे माझ्या आईला. गुणी पोर आहे, त्यात वाद नाही. पण मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस आणि त्यात जागा किती, तर 19. दोनदा मोजल्या मी. फाईलला रंगसुद्धा दिलेत, देवळं केशरी, समुद्र निळा, फोटोच्या जागा गुलाबी. सिद्धिविनायक 40 मिनिटं. हाजी अली 25. मरीन ड्राइव्ह 20 मिनिटं, वीस! मन्नतच्या गेटबाहेर 10. आणि एलिफंटा दीड तास. अरे बाबा, गेटवेवरून बोटीलाच तासभर लागतो, परत यायला आणखी तास, मग तू लेणी काय पोहता पोहता बघणार? वर शंभरेक पायऱ्या, त्या आजीचे गुडघे चढवणार की तुझं एक्सेल?

शिवाय गेटवे, मग जुहू, मग परत मरीन ड्राइव्ह. मुंबई कशी उभी लांबलचक आहे हे नकाशात बघायचे कष्ट नाहीत. म्हणजे आपल्याकडे कोणी म्हापशाला नाश्ता करून काणकोणला जेवायला जावं आणि सूर्यास्ताला मिरामारला हजर व्हावं, तसलं.

मला हे इतकं झोंबलं कारण ही फाईल मी आधी पाहिलीय. 1999 साली. तेव्हा ती फाईल नव्हती, दोनशे पानी वही होती.

माझे बाबा पेडण्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर. कोकण रेल्वे नुकतीच, म्हणजे 1998 ला, पूर्ण सुरू झालेली आणि आमच्या घरात तिचं केवढं कौतुक. त्याआधी मुंबई म्हणजे रात्रभर घाटातून बस आणि आईच्या उलट्या, त्यामुळे कोणी नावच काढायचं नाही. तर मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं थिवीला कोकणकन्येत चढलो. बाबांनी मुंबईचं चक्क टाचण काढलं होतं. मास्तर लोकांना कळेल, बाकीच्यांसाठी सांगते, तासाला जाण्याआधी काय शिकवणार ते लिहून काढतात ते. रकाने आखलेले, वेळ, स्थळ, उद्दिष्ट, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. दोन दिवसांत 14 जागा. बघा, आजचा नातू आजोबांपेक्षा पाचने पुढे.

पहिला दिवस आम्ही नुसते धावलो. मला काय आठवतं त्यातलं? बाबांची पाठ. खाकी रंगाची पिशवी आणि बाबांची पाठ, आणि "चला चला". महालक्ष्मीचं देऊळ मी पाहिलंय असं सगळे सांगतात, असेन बाई पाहिलं.

दुसरा दिवस सोमवार. सकाळी गेटवेला पोचलो, आईच्या पिशवीत चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी, लेण्यांत बसून खायची. आणि तिथे कळलं की सोमवारी एलिफंटा बंद. बाबा आधी तिकिटं विकणाऱ्यावर भडकले, मग आईवर, मग मी तहान लागली म्हणाले म्हणून माझ्यावर. टाचणात पुढची जागा तीन वाजता होती. मधले पाच तास कोरे. आयुष्यभर कोरा रकाना न ठेवलेला माणूस तिथे वही उघडी धरून उभा राहिला, तो चेहरा मला अजून दिसतो.

पुढचं सांगते, आधी राग काढू दे.

आपण गोंयकार पर्यटकांना किती हसतो? मंगेशीला बस थांबते, पन्नास माणसं उतरतात, दीपस्तंभासमोर फोटो काढतात, पंधरा मिनिटांत शिट्टी वाजते की परत बसमध्ये. एक दिवस नॉर्थ गोवा, एक दिवस साऊथ गोवा, झाला गोवा बघून. मग आपण इथे पोस्टी टाकतो, गोवा म्हणजे फक्त बीच नव्हे, आमची जत्रा बघा, आमचे झरे बघा, अमकं नि ढमकं. मी पण टाकल्यात, माझी वॉल उघडून बघा. आणि तेच आपण मुंबईला उतरलो की पन्नासावा माणूस आपण.

दुपारी भाच्याला फोन केला. तो म्हणतो, आत्या, एलिफंटा युनेस्को साईट आहे, चुकवून कशी चालेल? म्हटलं, एलिफंटा 1987 ची, आपली ओल्ड गोव्याची चर्चेस त्याच्या एक वर्ष आधीची, 1986 ची. जन्म इथे गेला, कितीदा गेलास आत? एकदा. शाळेच्या सहलीत. ते पण बसमध्ये झोपला होता असं त्याची आईच सांगते.

बरं, त्याचंही ऐकून घेतलं. रजा दोनच दिवस, तिकिटाचे पैसे, खोलीचे पैसे, परत कधी जमेल माहीत नाही. मान्य. आणि मेट्रो तीन 2025 पासून थेट कफ परेडपर्यंत धावते, सिद्धिविनायकाला स्वतःचं स्टेशन आहे, त्यामुळे बाबांच्या वेळेपेक्षा त्याची धावपळ कमी होईल हेही मान्य. पण जमिनीखालून जाताना पहिल्यांदा आलेल्या माणसाला दिसणार काय, बोगदा? बोगदे बघायला कोकण रेल्वे आहेच की.

तर 1999. आईने काय केलं, तिथेच कट्ट्यावर बसून डबा उघडला. सकाळी साडेनऊला. कबुतरांच्या गराड्यात आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली आणि मग रस्त्यावर आलो तर समोरून लाल डबलडेकर, वरच्या मजल्यावर पुढची सीट रिकामी. आई म्हणाली चढा. कुठे जाते विचारलंसुद्धा नाही. आईने! जी म्हापशाच्या बाजाराला जायचं तरी तीनदा विचारते. मला आणि भावाला पुढच्या खिडकीत बसवलं, झाडाच्या फांद्या फाडफाड येऊन टपावर आपटायच्या आणि आम्ही किंचाळायचो. फुटपाथवरची माणसं, कुणाच्या तरी पहिल्या मजल्यावरची जेवणाची ताटं, एका खिडकीत वेणी घालणारी मुलगी. मला विचाराल तर मुंबई म्हणजे ती वेणी. बाबा मागच्या सीटवर, वही मांडीवर, एक अक्षर बोलत नव्हते.

भायखळ्याला उतरलो कारण पाटी दिसली राणीबागेची, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयाची. आत शिरलो, तिथे म्युझियमच्या बाजूला एक दगडाचा हत्ती. मोडून परत जोडलेला, सांधे दिसतात. बाबांनी पाटी वाचली आणि माणूसच बदलला. हा घारापुरीचा हत्ती! पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा त्यांना हा दिसला, म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं, आणि पुढे 1864 मध्ये इंग्रजांनी त्याचे तुकडे मुंबईत आणले. म्हणजे एलिफंटाला गेलो असतो तर ज्याच्यावरून नाव पडलं तोच तिथे नसता. आणि ते म्युझियम ज्यांच्या नावाचं, ते भाऊ दाजी लाड तर आमच्या मांद्र्यात जन्मलेले! 1822 चे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले, दोनदा मुंबईचे शेरीफ. म्युझियम 1872 ला उघडलं तेव्हा राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याच्या नावाचं होतं, 1975 मध्ये आमच्या माणसाचं नाव लागलं. बाबा हे सगळं तिथे उभ्याउभ्या सांगत होते, जोरात, वर्गात सांगतात तसं. दोन-चार अनोळखी पोरं पण येऊन ऐकत थांबली. "अगो, हो आमच्या मांद्र्याचो मनीस!" आईचा हात धरून म्हणाले. पब्लिकमध्ये आईचा हात धरलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

अर्धा तास एका दगडी हत्तीपाशी. टाचणात नसलेला.

आता गंमत ऐका. भाच्याच्या फाईलमध्ये बुधवारी सकाळी काय लिहिलंय? 'राणीबाग, पेंग्विन, 30 मिनिटं.' बुधवारी! राणीबाग बुधवारी बंद असते रे राजा. म्युझियम पण. पंचवीसेक वर्षं गेली, वही गेली, एक्सेल आलं, आणि आमच्या घराण्याची चूक तशीच. मी इतकी हसले की नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला. (हो, म्हणजे प्लॅन नको म्हणणारी मी, वार बघायला मीच बसले. माहितीय. कमेंटमध्ये सांगू नका.)

आईचा फोन आला संध्याकाळी. तिला कोणी काही विचारलेलंच नाही, तिचं आपलं "पोर नेता थंय वचपाचें", पोर नेईल तिथे जायचं. मी म्हटलं अगं तुला काय बघायचंय ते सांग ना. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तो हत्ती आसा गो अजून थंय?"

मला पुढे बोलताच येईना.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. पुस्तकांचं कपाट आवरताना ती वही मिळाली होती. सोमवारच्या पानावर एलिफंटाच्या पुढे 'शेरा' रकान्यात लाल शाईत लिहिलंय, 'बंद. हत्ती पाहिला.' खाली तीन वाजल्यापासूनच्या सगळ्या जागांवर एकच आडवी रेघ.

तर मी भाच्याला कळवलंय, मोठ्या आत्याचा हक्क वापरून. मंगळवारी राणीबाग, निवांत, पेंग्विन तुझे, हत्ती आजीचा. एलिफंटा या खेपेला नाही, पुढे मित्रांबरोबर जा. सीएसएमटीला उतरल्यावर लगेच टॅक्सीकडे पळू नकोस, बाहेर येऊन रस्त्यापलीकडून त्या इमारतीकडे वर बघ, दगडात माकडं, मोर काय काय कोरलंय, आजीला दाखव. मरीन ड्राइव्हला पाच वाजता बसायचं ते दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. बाकीचं जमलं तर जमलं. मन्नतची 10 मिनिटं मी त्याला देऊन टाकलीत, तेवढं पोराचं मन कशाला मोडा.

जुन्या डबलडेकर 2023 च्या सप्टेंबरात बंद झाल्या, आता नव्या एसीवाल्या, विजेवरच्या आहेत. खिडकी उघडत नाही. आई नक्की म्हणणार वारा येत नाही म्हणून. तरी पुढची सीट मिळाली तर बसव म्हटलंय. त्याचं उत्तर आलं, अंगठा. नुसता अंगठा. मग पाच मिनिटांनी नवी फाईल, 'मुंबई ट्रिप फायनल 2', त्यात 11 जागा. अजून जास्तच आहेत, उद्या बघते त्याच्याकडे.

मुंबईकर मंडळी, भायखळ्याच्या आसपास साधं शाकाहारी जेवण कुठे मिळेल तेवढं सांगा. आईला तिखट चालत नाही, आणि जिने नकोत.