"वय झालं की असं होतंच" या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज घरोघरी फिरतोय. त्यात म्हटलंय की वयस्कर माणूस रुग्णालयात दाखल झाला की गप्प होणार, विसरणार, रात्री बडबडणारच. डॉक्टरांच्या मागे लागू नका, झोपेची गोळी द्या, घरी नेलं की आपोआप ठीक होतं. शिवाय उदासीवरच्या औषधांची सवय लागते, ती नकोतच. हेतू धीर देण्याचा असेल, पण यावर विसंबून थांबलात तर उपचाराची वेळ हातची जाते.

"म्हातारपणी विसरणं आलंच." नावं पटकन न आठवणं वयाबरोबर वाढतं, हे खरं. पण परवापर्यंत घरचा हिशेब चोख ठेवणारी आजी आज मुलीला ओळखत नसेल, तर दोष वयाला देता येत नाही. वय दोन दिवसांत वाढत नाही. याला डिलिरियम म्हणतात. तो अचानक सुरू होतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि लक्ष कशावरच टिकत नाही. मुळाशी बहुधा शरीरातलंच काहीतरी असतं: संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, न सांगितलेलं दुखणं, नवं औषध. उतारवयात न्यूमोनिया झाला तरी कधी कधी ताप येत नाही. असंबद्ध बोलणं हीच पहिली खूण असते.

"शांत पडून आहेत, म्हणजे आराम पडतोय." मेसेजमधलं मला सर्वांत घातक वाटणारं वाक्य हेच. सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. पण डिलिरियमचा एक प्रकार अगदी गप्प असतो. माणूस ग्लानीत राहतो, घास तोंडात धरून ठेवतो, हाकेला उशिरा ओ देतो. आपण म्हणतो, खचलेत बिचारे. अशा वेळी हे कधीपासून सुरू झालं ते आठवा. नैराश्य सहसा आठवड्यांत साचत जातं, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) महिन्या-वर्षांत, डिलिरियम मात्र तासांत किंवा दोन-चार दिवसांत. तिन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून अंदाज बांधत बसू नका. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा. काल जमत होतं आणि आज धागा सुटतोय, तर नर्सला लगेच सांगा. "नेहमी असे नसतात" हे सांगू शकणारे फक्त तुम्हीच असता, वॉर्डातल्या कुणी त्यांना आधी पाहिलेलं नसतं.

"रात्री झोपेची गोळी द्या." आपल्या मनाने अजिबात नको. झोपेच्या अनेक गोळ्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीची काही जुनी औषधं डिलिरियम वाढवतात. आधीपासून रोज घेत असलेली गोळीही परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनूये यांच्या गटाने ७० किंवा त्याहून अधिक वयाच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या देखभालीत डिलिरियम १५ टक्के रुग्णांना झाला, विशेष काळजी घेतलेल्या गटात ९.९ टक्क्यांना. ही काळजी म्हणजे वार-तारीख सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणं, पुरेसं पाणी पाजणं, लवकर उठवून चालवणं, रात्रीची झोपमोड टाळणं. चष्मा हरवेल म्हणून तो घरी ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

"घरी नेलं की ठीक होतं." बरेच जण सुधारतात, काहींना महिने लागतात, आणि डिलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका अधिक असतो. म्हणून काही महिन्यांनी स्मृतीची तपासणी करून घ्या. ऐन आजारपणातल्या चाचणीवरून मात्र डिमेन्शियाचा शिक्का मारून घेऊ नका.

"औषधांची सवय लागते." नैराश्यावरच्या औषधांची नशा होत नाही; तशी सवय झोपेच्या अनेक गोळ्यांची लागते. गुण यायला काही आठवडे लागतात, बंद करताना मात्रा हळूहळू कमी करावी लागते, आणि वयस्करांत सोडियम घटू शकतं म्हणून रक्ततपासणी हवी. नैराश्यामुळे मंदावलेली स्मरणशक्ती उपचारांनी सुधारू शकते.

आणि "उचल रे देवा असं म्हातारी माणसं म्हणतातच". नाही, ते कानाआड करू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावण्याचा आग्रह धरा.