तारे-पट्टे वॉशिंग्टन घराण्याचे नव्हेत

‘वॉशिंग्टन’ या आडनावाविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: वॉशिंग्टन हे इंग्लंडमधलं पुरातन सरदार घराणं. त्यांच्या ढालीवर पांढऱ्या रंगात दोन लाल पट्टे आणि वरच्या बाजूला तीन लाल तारे होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी हे कुलचिन्हच अमेरिकेच्या झेंड्यावर आणलं. आणि आज ज्यांचं आडनाव वॉशिंग्टन आहे ते एक तर त्यांचे वंशज, नाही तर त्यांच्या गुलामांचे वंशज.

यात ढालीचं वर्णन तेवढं बरोबर आहे. बाकीची विधानं एक तर चुकीची आहेत किंवा पुराव्याशिवाय रेटलेली. त्यातही शेवटचं विधान मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्यात जिवंत माणसांच्या नावाचा प्रश्न आहे.

‘पुरातन सरदार घराणं’ इथून सुरुवात करू. आधी गाव होतं, घराणं नंतर आलं. इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसल आणि सन्डरलंडजवळ वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात ते डरहॅमच्या बिशपच्या अमलाखाली होतं. ११८३ मध्ये ह्यू द पुइसे या बिशपने आपल्या मुलखातल्या जमिनींची आणि सारा-सेवांची मोजदाद करून घेतली. ती नोंदवही ‘बोल्डन बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात विल्यम द हर्टबर्न नावाच्या माणसाची छोटीशी नोंद सापडते. त्याने हर्टबर्न हे गाव बिशपला देऊन त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. चर्च आणि चर्चची जमीन मात्र त्यातून वगळलेली. त्याने चार पौंड भरायचे आणि बिशपची मोठी शिकार निघाली की चार शिकारी कुत्रे घेऊन हजर व्हायचं. हा वॉशिंग्टन घराण्याचा मूळ पुरुष. तो हर्टबर्नचा होता तोवर त्याला हर्टबर्नचा म्हणत, वॉशिंग्टन मिळाल्यावर तो वॉशिंग्टनचा झाला. आडनाव पिढ्यान् पिढ्या तेच राहिलं पाहिजे अशी समजूत तेव्हा इंग्लंडमध्ये अजून रुजायची होती.

गावावरून आडनाव पडणं मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सातारकर, नगरकर, पंढरपूरकर आपल्या ओळखीत असतातच, आणि दोन सातारकर एकाच रक्ताचे असले पाहिजेत असं आपण कधी म्हणत नाही. इंग्लंडलाही तोच न्याय लावायला हवा. दक्षिणेला ससेक्समध्ये वॉशिंग्टन नावाचं दुसरं गाव आहे. तिथून बाहेर पडलेल्या माणसालाही हेच आडनाव मिळू शकत होतं आणि त्याचा विल्यमशी काडीचाही संबंध असायची गरज नव्हती.

बरं, घराणं पुढे तरी थाटामाटात राहिलं का? डरहॅमकडची मूळ जहागीर १४०० च्या सुमारास मुलीच्या लग्नातून दुसऱ्या घराण्याकडे गेली. लँकशरमध्ये वॉर्टन इथे एक शाखा स्थिरावली होती. त्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेला नॉर्थॅम्प्टनला गेला, लोकरीच्या व्यापारात पैसा केला, दोनदा शहराचा मेयर झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा मठांच्या जमिनी विक्रीला निघाल्या. त्यातलं सलग्रेव्हचं गाव-शिवार लॉरेन्सने १५३९ मध्ये सुमारे ३२४ पौंडांना घेतलं. तिथल्या वाड्याच्या दारावर ती दोन पट्ट्यांची, तीन ताऱ्यांची ढाल कोरलेली आजही पाहता येते. ही व्यापारात वर आलेल्या माणसाची कमाई होती, पुरातन सरदारकी नव्हे. आणि मला तरी ती जास्त मोलाची वाटते.

पुढच्या काही पिढ्यांत उतरती कळा लागली. याच वंशातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री होता. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, प्युरिटनांनी (कडक आचाराचा आग्रह धरणाऱ्या प्रोटेस्टंट पंथीयांनी) त्याला दारूच्या गुत्त्यावर पडून असतो असा ठपका ठेवून काढून टाकलं. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारातल्या जहाजावर अधिकारी म्हणून व्हर्जिनियाला गेला. १६५७ च्या सुरुवातीला ते जहाज पोटोमॅक नदीत रुतलं, आणि जॉन तिथेच राहिला. तिथल्या एका जमीनदाराच्या मुलीशी त्याने लग्न केलं. हाच जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पणजोबा.

खुद्द जॉर्ज यांना यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या संस्थेतले मुख्य अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी त्यांना वंशावळीबद्दल विचारणा केली होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जॉर्ज यांनी मे १७९२ मध्ये उत्तर पाठवलं की या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, आणि पूर्वज उत्तर इंग्लंडमधून आले, पण लँकशर की यॉर्कशर की त्याहून वरचा एखादा परगणा हे आपल्याला नीट आठवत नाही.

आता झेंडा. जॉर्ज यांनी ही ढाल वापरली हे खरं आहे. त्यांच्या पुस्तकांत चिकटवलेल्या नावपट्टीवर ती छापलेली होती, चांदीच्या भांड्यांवरही होती. कथेला बळ मिळतं ते इथूनच. पण १४ जून १७७७ रोजी फिलाडेल्फियात काँग्रेसने, म्हणजे बंड केलेल्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, केलेला ठराव पाहा: तेरा पट्टे, एक लाल एक पांढरा, आणि निळ्या क्षेत्रात तेरा पांढरे तारे, एका नव्या तारकासमूहाचं प्रतीक म्हणून. तेरा हा आकडा वसाहतींचा. वॉशिंग्टन यांचं नाव त्यात कुठेही नाही, आणि ते स्वतः त्या वेळी काँग्रेसचे सदस्यही नव्हते, सैन्याचं नेतृत्व करत होते. ढालीवरचे तारे लाल, झेंड्यावरचे पांढरे. ढालीवर निळा रंग औषधालाही नाही.

शिवाय पट्टे ताऱ्यांच्या आधीचे आहेत. वसाहतींनी त्याआधी वापरलेल्या झेंड्यावर तेरा पट्टे होते आणि कोपऱ्यात चक्क ब्रिटिश युनियनचं चिन्ह होतं. ताऱ्यांचा पत्ताच नव्हता. समुद्रावर लाल-पांढरे पट्टे ही काही एका घराण्याची मक्तेदारी नव्हती. १६६८ पासून मुंबई ज्यांच्या ताब्यात होती त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरही असेच पट्टे फडकत. म्हणून अमेरिकेने झेंडा कंपनीकडून उचलला असं कुणी म्हणालं तर त्यालाही मी पुरावा मागेन. झेंड्याच्या आराखड्याचं श्रेय कागदोपत्री मागितलं ते न्यू जर्सीच्या फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी. १७८० मध्ये त्यांनी या कामाचा मोबदला म्हणून आधी वाइनचं एक पिंप मागितलं, नंतर रोख रक्कम. काँग्रेसने दिलं नाही. सल्ला देणारे ते एकटेच नव्हते, असं एक कारण त्यात होतं.

मग ही कथा आली कुठून? ती लोकप्रिय झाली ती मार्टिन टपर या इंग्रज कवीच्या एका नाटकामुळे. ते १८७६ सालचं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं. ठरावानंतर ९९ वर्षांनी लिहिलेला रंगमंचावरचा संवाद पुरावा म्हणून चालत नाही. वॉशिंग्टन घराण्याची ढाल ज्याच्यावर नक्की आहे असा झेंडा हवाच असेल तर तो वॉशिंग्टन शहराचा, १९३८ मध्ये स्वीकारलेला: दोन लाल पट्टे, तीन लाल तारे.

जाता जाता आणखी एक. ‘वॉशिंग्टन आडनावाची ढाल’ म्हणून जे विकलं जातं, त्याला इंग्लंडच्या रिवाजात काही आधार नाही. ढाल ठरावीक व्यक्तीला आणि तिच्या सिद्ध झालेल्या वंशजांना मिळते, त्याच आडनावाच्या सगळ्यांना नाही.

राहिलं शेवटचं विधान. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं अपत्य नव्हतं. त्यामुळे त्यांच्यापासून सुरू झालेली वॉशिंग्टनांची शाखा जगात नाही, आहेत ते भावांचे आणि चुलत्यांचे वंशज. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत १,६३,०३६ लोकांचं आडनाव वॉशिंग्टन होतं आणि त्यांतले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते. हे सगळे माउंट व्हर्नन या जॉर्ज यांच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज असणं शक्य नाही. १७९९ मध्ये त्या मळ्यावर ३१७ गुलाम होते आणि त्यांतले १२३ स्वतः जॉर्ज यांच्या मालकीचे होते. त्यांच्या याद्यांत बहुतेकांची फक्त पहिली नावं आहेत. जी मोजकी आडनावं कळतात ती ली, पार्कर, डेव्हिस अशी.

मालकाने दिलेला शिक्का म्हणजे गुलामाचं आडनाव, ही समजूतच मुळात अपुरी आहे. अनेक गुलाम आपापसात आडनाव वापरत आणि मालकाला ते कळू देत नसत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर अनेकांनी ते उघडपणे लावलं, काहींनी नवं निवडलं. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या बाबतीत काय घडलं ते लिहून ठेवलंय. शाळेत हजेरी सुरू झाली तेव्हा प्रत्येक मुलाला दोन नावं आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे एकच, बुकर. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं आणि शिक्षकांना सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. इथे ना जॉर्ज यांचा मळा आहे, ना मालकाचा शिक्का. शाळेच्या बाकावर बसलेल्या एका मुलाने स्वतःचं नाव स्वतः पुरं केलं.

आणि जॉर्ज यांच्याच मळ्यावरच्या ज्या माणसाने हे आडनाव लावलं, त्याची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असायला हवी. हॅरी आफ्रिकेत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि १७७६ मध्ये माउंट व्हर्ननहून पळून ब्रिटिशांना जाऊन मिळाला. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी सोबत नेलेल्या काळ्या लोकांची यादी केली. तिच्यात तो आहे: हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांच्या मालकीचा, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला. तिथून तो नोव्हा स्कोशियाला गेला, १७९२ मध्ये सिएरा लिओनला. तिथे वसाहत चालवणाऱ्या कंपनीने जमिनीवर सारा लादला तेव्हा १८०० मध्ये जे लोक उठले त्यांत हॅरी वॉशिंग्टन होता. उठाव मोडला गेला आणि त्याला हद्दपार करून नदीपलीकडच्या बुलम किनाऱ्यावर धाडण्यात आलं.