पिकअपचा गेलेला दम डबीत मिळत नाही

आंब्याचा सीझन तोंडावर आला की आम्हा गाडीमालकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडा इकडेतिकडे होतो, गाभा तोच: “जुन्या पिकअपला ट्यूनिंग बॉक्स बसवा. कंपनीने दाबून ठेवलेली 30 टक्के ताकद मोकळी होते, अ‍ॅव्हरेज तीन-चारने वाढतो. तीन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन मोकळं झालेलं असतं, त्याला तर जास्तच मानवतो. नाही आवडला तर काढून ठेवा, गाडी होती तशी.” खाली काळ्या डबीचा फोटो आणि पाच आकडी किंमत.

माझी पिकअप 2 लाख 80 हजार किलोमीटरांवर आहे. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरायच्या, आंबा घाट चढायचा, कोल्हापूर गाठायचं, हे तिचं काम. मोह मलाही झाला होता, म्हणूनच हे लिहितोय.

“कंपनीने ताकद दाबून ठेवलेली असते.” हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच बाकीचं खपतं. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या डिझेलमध्ये कंपनी वाव ठेवते. तंदुरुस्त इंजिनावर जाणकाराने नीट रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलंच सेटिंग बदललं, तर वीस-पंचवीस टक्के ताकद वाढू शकते, यात खोटं काही नाही. पण तो वाव ठेवलेला असतो कशासाठी? मे महिन्याचं ऊन, हलकं डिझेल, चोंदलेला एअर फिल्टर आणि ओव्हरलोड यांच्यासाठी. दीड-पावणेदोन टन पासिंगच्या गाडीत सीझनला आपण किती भरतो ते इथे लिहीत नाही, आरटीओवालेही वाचत असतील. म्हणजे ती शिल्लक आपण घाटात केव्हाच खाऊन बसलोय. बॉक्सवाला त्याच जमिनीवर दुसरं कर्ज काढतो. मेसेजसोबत अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ येतात, त्यांच्या बॉनेटखाली 6.7 लिटरची इंजिनं असतात. आपलं अडीच लिटरचं. बैलाचं जू शेळीच्या मानेवर ठेवून कसं चालेल?

“जुनं इंजिन मोकळं झालेलं असतं.” मोकळं होणं पहिल्या काही हजार किलोमीटरांत उरकतं. पुढे असते ती झीज. पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा. शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम 660 अंशांना वितळतं, आणि फुल लोडवर टर्बोत शिरणारा धूर त्याहून गरम असू शकतो. तरी पिस्टन टिकतो, कारण रिंगा त्याची उष्णता सिलिंडरच्या भिंतीत पोचवतात आणि खालून ऑइल त्याला गार ठेवतं. रिंगा झिजल्या, डिझेलचे नोझल फवारा मारायचे सोडून ठिबकायला लागले, की हा हिशोब बिघडतो. त्यात बॉक्सने डिझेल वाढवलं तर उष्णता वाढणार आणि तिला बाहेर जायची वाट मात्र आधीच अरुंद. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. त्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला असेल तर त्याच्याकडून आणखी हवा मागणं म्हणजे त्याचे दिवस भरवणं.

इंजिन कितपत “मोकळं” झालंय ते फुकटात कळतं. गरम इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. झाकण टपटप नाचून खाली पडलं, भोकातून धूर फकफक आला, की समजा बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे झिजलेल्या रिंगांतून गॅस खाली गळतोय. पुढे मिस्त्रीला नोझलच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, बाटल्या लावायला सांगा. चारांतली एक बाटली बाकीच्यांच्या आधी भरली तर तो नोझल गेलेला. अशा इंजिनाला बॉक्स लावायचा म्हणजे दम लागलेल्या म्हाताऱ्याला पाठीवर चाबूक.

“अ‍ॅव्हरेज तीन-चारने वाढतो.” यातली गंमत नीट समजून घ्या. नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीला रेल म्हणतात. स्वस्तातला बॉक्स तिच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि मधल्यामधे खोटं बोलतो. समजा रेलमध्ये 1,200 बार प्रेशर आहे. बॉक्स ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो 1,080. ईसीएमला वाटतं कमी पडतंय, तो पंपाला जोर लावायला लावतो, नोझलमधून जास्त डिझेल जातं. आता मीटरवरचा अ‍ॅव्हरेज कोण काढतं? तोच ईसीएम, त्याच खोट्या प्रेशरवरून. त्याच्या लेखी डिझेल कमी जळालं. म्हणून लोक दाखवतात तो मीटरचा फोटो खरा असतो आणि आकडा खोटा. टाकी तोंडापर्यंत फुल करा, नेहमीच्या लोडने पाचशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. मेसेज पाठवणाऱ्या एकालाही मी असा हिशोब दाखवताना पाहिलेलं नाही. इंजेक्शनचं टायमिंग पुढे घेऊन थोडा फायदा काढता येतो, पण ते काम रिमॅपचं. प्रेशरचा आकडा बदलणाऱ्या डबीचं नव्हे.

गाडीचे दोष तपासायच्या ओबीडी सॉकेटात खोचायची स्वस्त डबी तर त्याहून निरुपद्रवी. तसल्या डब्या उघडून पाहणाऱ्यांना आत नुसते दिवे लुकलुकवणारं सर्किट सापडलंय.

“काढला की गाडी होती तशी.” डबी निघते, जळालेली क्लच प्लेट, काजळीने भरलेला ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) आणि बीएस-6 गाडी असेल तर चोंदलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी), हे कुठे निघतं? शिवाय 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पीयूसीला काळा धूर दिसला की तिथली कटकट वेगळीच.

आता माझ्या गाडीचं. साखरप्याच्या पुढे चढ लागला की तिसऱ्यात ओढेना, दुसरा टाकावा लागे, मागे काळा धूर. बॉक्सचे पैसे बाजूला काढलेच होते. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, आधी इंटरकूलरचा पाइप बघूया.” टर्बोची हवा इंटरकूलरमध्ये गार होऊन इंजिनात जाते, तिचा हा पाइप. क्लॅम्पजवळ तेलकट डाग होता. त्याने बोटाने पाइप दाबला तर वितभर चीर उघडली. आयडलला बंद, बूस्ट आला की उघडी. टर्बो हवा भरत होता आणि ती बॉनेटखालीच सुटत होती. पाइप, दोन क्लॅम्प, नवा एअर फिल्टर. मजुरी धरून दोन हजारही गेले नाहीत. पुढच्या खेपेला त्याच चढाला, तेवढ्याच पेट्या घेऊन, गाडी तिसऱ्यात वर गेली. बॉक्स लावला असता तर हवा त्याच चिरेतून जात राहिली असती, वर डिझेल तेवढं जास्त पडलं असतं.